लहान मुलांचा भूगोल



तिसऱ्या किंवा चौथ्या इयत्तेच्या वर्गांत जाऊन मुलांना उत्तर दिशा दाखविण्यास सांगितलें, तर कांहीं मुलें सरळ आढ्याकडे बोट करतात. हा अनुभव बहुतेक शिक्षकांस आलेला असतो. पाहुणा हसतो, शिक्षक ओशाळतात आणि मुलें गोंधळतात. वस्तुतः त्या मुलांचें यांत कांहीं चुकलेलें नसतें. भिंतीवर नकाशा टांगलेला असतो, त्याच्या वरच्या कडेस 'उत्तर' असें छापलेलें असतें, आणि त्या कडेच्या वर आढें असतें. जें त्यांना शिकविण्यांत आलें तेंच तीं प्रामाणिकपणें दाखवितात. पुढें नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते असें सांगितलें म्हणजे "गुरुजी, पाणी चढणीला कसें लागलें?" असें विचारणारा एक मुलगा मला भेटला होता. वर्गांत खरोखर विचार करणारा तोच एक होता, असें माझें मत आहे. बाकीच्यांनीं वाक्य निमूटपणें उतरून घेतलें होतें.

प्राथमिक शाळेंत भूगोल कसा शिकवावा, याविषयीं आज मी जें बोलणार आहें, तें सातारा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत राहून जें पाहिलें व करून पाहिलें, त्याच्या आधारानें. दुसऱ्या जिल्ह्यांतील श्रोत्यांनीं डोंगरांचीं व नद्यांचीं नांवें बदलून घ्यावीं.

आपल्याकडे भूगोल हा पुष्कळ काळ नांवांचा विषय होऊन बसला आहे. जिल्ह्यांत तालुके किती? अकरा. म्हणून दाखवा. मुलें सातारा, वाई, जावळी, महाबळेश्वर असें चालीवर म्हणूं लागतात आणि खंडाळ्यापर्यंत न अडखळतां जातात. पाठांतराचा मी शत्रु नाहीं. पाढे पाठ हवेत, कविता पाठ हव्यात, तशीं कांहीं नांवेंही पाठ हवींत. परंतु पाढा जसा पुढें हिशेबाच्या कामीं येतो, तसें नांवही कशाच्या तरी कामीं आलें पाहिजे. एकदां तपासणीसाठीं आलेल्या एका अधिकाऱ्यांनीं माझ्या वर्गास ब्राझीलची राजधानी विचारली. एका मुलीनें ती बरोबर सांगितली. अधिकारी प्रसन्न झाले. मी त्यांच्या अनुज्ञेनें त्याच मुलीला विचारलें, "बाळ, तुझ्या घरीं पाणी कोठून येतें?" ती म्हणाली, "नळांतून." नळांत कोठून येतें? "टाकींतून." आणि टाकींत? येथें ती थांबली. त्या गांवाचें पाणी ओढ्याकाठच्या एका विहिरींतून पंपानें चढविलें जात असे. विहिरीला पाणी ओढ्याचें, ओढ्याला माळावरच्या पाझरांचें, आणि माळावर तें केव्हां व किती पडतें, हा त्यापुढचा प्रश्न. ह्या एका प्रश्नामागें लागून आम्हीं पुढें तीन आठवडे घालविले. अभ्यासक्रमांतील दोन धडे त्यांत मागें पडले. परंतु त्यांची भरपाई नंतर अर्ध्या वेळांत झाली.

आतां प्रथम दिशांकडे वळूं. नकाशा भिंतीवर टांगण्यापूर्वीं जमिनीवर पसरावा, हा माझा पहिला आग्रह आहे. जमिनीवर पसरून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवावी आणि मुलांना त्याच्या भोंवतीं बसवावें. मग कोकण खरोखरच मावळतीच्या बाजूस येतें, पंढरपूर उगवतीच्या बाजूस येतें, आणि मूल बोट उचलून नकाशावरून थेट खिडकीबाहेर नेऊं शकतें. असे आठ-दहा तास झाल्यावर नकाशा खुशाल भिंतीवर चढवावा. तो चढवितांना मुलांच्या देखत, जमिनीवरून उचलीत उचलीत चढवावा, म्हणजे 'वर' असलेली उत्तर ही केवळ कागदाची सोय आहे, हें त्यांच्या डोळ्यांनीं पाहिलेलें राहतें.

परंतु खरी उत्तर कोणती, हें तरी मुलांनीं कशावरून ठरवावें? होकायंत्र असल्यास उत्तम. नसल्यास एक हातभर लांबीची सरळ काठी पुरते. अंगणांत ती ओळंब्यांत उभी करावी आणि तिच्याभोंवतीं दोरीनें एक वर्तुळ आंखावें. सकाळीं सावली लांब असते. ती आंखडत आंखडत ज्या जागीं वर्तुळाच्या आंत शिरते, तेथें एक खडा ठेवावा. दुपारनंतर ती पुन्हां लांबत जाऊन ज्या जागीं वर्तुळाबाहेर पडते, तेथें दुसरा खडा ठेवावा. दोन्ही खड्यांना जोडणारी रेषा ती पूर्व-पश्चिम. ही युक्ति नवी नाहीं. यज्ञवेदीची दिशा साधण्यासाठीं कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत शंकूची हीच रीत सांगितलेली आहे. मुलांना हें सांगितलें म्हणजे त्यांना मोठी मौज वाटते कीं, जें आपण खड्यांनीं केलें तें इतक्या जुन्या काळीं कोणी तरी केलें होतें.

ह्या काठीच्या नादानें आणखी दोन समजुती दुरुस्त होतात, आणि त्या केवळ मुलांच्याच नसतात. सूर्य पूर्वेस उगवतो, असें आपण सर्वच म्हणतों. नेमका पूर्वेस तो वर्षांतून दोन वेळां, २१ मार्च व २३ सप्टेंबर या दिवसांच्या सुमारास उगवतो. आमच्या जिल्ह्यांत जूनच्या अखेरीस तो पूर्वेच्या उत्तरेस सुमारें पंचवीस अंश सरकलेला असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेस. मुलांनीं आपल्या घराच्या ओट्यावरून दर पंधरवड्यास एकदां सूर्योदय पाहावा व तो देवळाच्या शिखराच्या कोणत्या बाजूस, कोणत्या झाडाजवळ, कोणत्या डोंगराच्या खिंडींत होतो, हें वहींत काढावें. वर्षाअखेर हें एक पंचांगच होतें. दुसरी समजूत अशी कीं, बारा वाजतां सूर्य माथ्यावर येतो. आपलीं घड्याळें मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. सातारा चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहे. एका अंशास चार मिनिटें धरलीं, तर आमचा खरा मध्यान्ह साडेबाराच्या पुढेंमागें होतो. आणि सूर्य अगदीं डोक्यावर, काठीची सावली काठीच्याच बुडाशीं, असा प्रसंग आमच्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत व पुन्हां जुलै संपतांना, असा वर्षांतून दोनदांच येतो. मेमध्यें शाळेस सुट्टी व जुलैमध्यें आभाळ भरलेलें, त्यामुळें शिक्षकांना तो बहुधा चुकतोच. मीं मुलांना सुट्टींत घरीं करावयास सांगत असें, आणि शाळा उघडल्यावर पांच-सहा मुलें तरी धावत येऊन सांगत, "गुरुजी, सावली नाहींशी झाली होती!"

दिशांचें हें झालें. आतां जिल्हा. आपल्या राज्यांत तिसऱ्या इयत्तेस जिल्ह्याची ओळख, मग राज्य, मग देश आणि जग असा क्रम पुष्कळ वर्षें चालत आलेला आहे व तो योग्यच आहे. परंतु जिल्हा म्हणजे काय हें मुलाला कळण्यास तालुक्यांची यादी उपयोगी पडत नाहीं. पाणी उपयोगी पडतें. महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारीं शेजारीं पडले, अशी कल्पना मुलांना करावयास सांगावी. एक थेंब पश्चिमेच्या उतारावर गेला. तो सावित्री नदीला मिळाला, पोलादपूर-महाडवरून वाहत शंभर-सव्वाशें किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीशीं अरबी समुद्रांत पोंचला. दुसरा थेंब हातभर अंतरावर पूर्वेस पडला. तो कृष्णेंत गेला. धोमच्या धरणांत थांबला, वाईच्या घाटावरून गेला, माहुलीच्या संगमावर त्याला वेण्णा भेटली, कऱ्हाडास कोयना भेटली. सांगलीवरून कर्नाटकांत, तेथून तेलंगण आणि आंध्र प्रदेशांत, असा सुमारें चौदाशें किलोमीटर चालून तो बंगालच्या उपसागरास मिळाला. हातभराचें अंतर आणि दोन निराळे समुद्र! जलविभाजक हा शब्द मग सांगावा. तो मुलाला जड वाटत नाहीं, कारण त्याचा अर्थ अगोदरच त्याच्या मनांत येऊन बसलेला असतो. आमच्या खेड्यांत त्याला साधा शब्दही आहे, 'पाणढाळ'. कोणत्या शेताचें पाणी कोणत्या बाजूस ढळतें यावर बांधाचीं भांडणें होतात, तीं मुलांनीं घरीं ऐकलेलीं असतात.

ह्याच जिल्ह्याच्या पूर्व टोंकास माण तालुका आहे. महाबळेश्वरास वर्षांत साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दहिवडीस तो पांचशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर. दोन्ही गांवांत सरळ रेषेनें सुमारें शंभर किलोमीटरांचें अंतर. एकाच जिल्ह्यांत दहापटींहून अधिक फरक! असें कां व्हावें, हा भूगोलांतील उत्कृष्ट प्रश्न आहे आणि तो साताऱ्याच्या मुलांना फुकट मिळालेला आहे. समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला अडतो व वर चढतो. वर चढला म्हणजे त्याच्यावरील दाब कमी होतो, तो पसरतो आणि पसरल्यामुळें गार होतो. गार हवेंत वाफ मावत नाहीं, तिचें पाणी होतें व तें घाटमाथ्यावर पडतें. पलीकडे उतरतांना तोच वारा दाबला जाऊन पुन्हां उबदार होतो, आणि त्यांत उरलेली वाफ सहसा पडत नाहीं. मुलांना हें दाखविण्यास भाताच्या पातेल्यावरील झांकण आहेच. त्याच्या आंतील बाजूस साचलेले थेंब प्रत्येकानें पाहिलेले असतात. परंतु झांकणावरून 'वारा पसरला म्हणजे गार कसा होतो' हें कळत नाहीं. त्यासाठीं सायकलच्या चाकांतील हवा सोडावी व त्या हवेपुढें बोट धरावें. ती गार लागते. पंपानें हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हेंही त्याच वेळीं हाताला कळतें. चढणारा वारा म्हणजे सुटलेली हवा आणि उतरणारा वारा म्हणजे पंपांतली हवा, इतकें सांगितलें कीं पुरे. माणच्या मुलांना मात्र एवढ्यावर न थांबतां परतीच्या पावसाविषयीं सांगितलें पाहिजे. तिकडे मृगापेक्षां उत्तरा-हस्ताकडे लोकांचे डोळे लागलेले असतात, आणि घाटमाथ्यासाठीं लिहिलेला पावसाचा धडा त्यांना आपला वाटत नाहीं.

स्वित्झर्लंडमध्यें योहान हाइनरिख पेस्तालोझी या नांवाचे एक थोर शिक्षक होऊन गेले (१७४६–१८२७). इव्हर्डन येथील त्यांच्या शाळेंत भूगोलाचा आरंभ नकाशानें होत नसे. मुलांना जवळच्या एका लहान खोऱ्यांत नेत. तें सर्व नीट न्याहाळून झालें म्हणजे मुलें तेथील चिकणमाती घेऊन परत येत आणि शाळेंतील मोठ्या मेजांवर तेंच खोरें मातीचें घडवीत. पुढील फेरींत आणखी कांहीं पाहावें, आणखी माती आणावी, खोरें वाढवावें. असें पुरतें झाल्यावर मग नकाशा पुढें येई. आधुनिक भूगोलशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक, कार्ल रिटर (१७७९–१८५९), हे त्या शाळेंत येऊन गेले होते व आपण पेस्तालोझींचे ऋणी आहों, असें ते मानीत.

हें सांगितलें कीं आपल्याकडील शिक्षक म्हणतात, "त्यांना माती होती, मेजें होतीं आणि वेळही होता." मेजांचें मी मान्य करतों. माती मात्र आपल्याकडेही आहे, आणि आपलीं मुलें तिचे डोंगर दरवर्षीं करतातच; फक्त आपण त्याला भूगोल म्हणत नाहीं. दिवाळींतला किल्ला! त्याच्यासाठीं मुलें काय खपत नाहींत? दगड वाहतात, माती चाळतात, अळीव पेरून झाडी उगवितात. ह्या उत्साहास थोडी दिशा द्यावी. काल्पनिक किल्ल्याऐवजीं डोळ्यांसमोर दिसणारा किल्ला करावा. सातारच्या मुलांनीं अजिंक्यतारा करावा, वाईच्यांनीं पांडवगड करावा. त्याची कोणती बाजू तुटलेली, वाट कोणत्या सोंडेवरून चढते, तळें कोठें, हें पाहून यावें. मग त्याचीच एक लहान प्रतिकृति घट्ट चिकणमातीची करून रुंद घमेल्यांत ठेवावी. घमेल्यांत एक बोट पाणी ओतावें आणि पाण्याच्या कांठाशीं मातीवर काडीनें रेघ ओढावी. आणखी एक बोट पाणी, आणखी एक रेघ. असें माथ्यापर्यंत जावें. नंतर पाणी काढून टाकून वरून सरळ खालीं पाहावें. समोच्चरेषा त्या याच. जेथें कडा तेथें रेघा एकमेकींस चिकटलेल्या, जेथें सोपा उतार तेथें दूर दूर. मॅट्रिकच्या वर्गांत ह्या रेषा फळ्यावर शिकतांना आम्हां विद्यार्थ्यांना घाम फुटत असे; चौथींतलीं मुलें घमेल्याभोंवतीं उकिडवीं बसून त्या हंसत हंसत शिकतात.

मुलांच्या घरांत भूगोलाचे शब्द भरपूर असतात. माळ, मुरमाड, बरड, मळी, काळी, सडा, खिंड, सोंड, घळ, डोह, खोरें, उगवती, मावळती! शाळेंत आलें म्हणजे हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवावे लागतात, कारण पुस्तकांत 'मृदा' असते आणि 'पठार' असतें. पुस्तकी शब्दांवांचून पुढें चालावयाचें नाहीं, हें खरें. परंतु आधीं आजोबांचा शब्द, मग पुस्तकाचा, असा क्रम ठेवल्यास मुलाला आपलें घर अडाणी वाटत नाहीं. आजोबांकडून दहा शब्द विचारून आणा आणि ती ती जमीन जाऊन दाखवा, असा गृहपाठ मीं देत असें. आजोबांनाही त्या निमित्तानें शाळा आपली वाटूं लागते. पुष्कळ वेळां आजीला अधिक शब्द ठाऊक असतात, कारण ओढ्यावर पाण्याला ती जात असे.

'जवळून दूर' हें भूगोल शिकविण्याचें सूत्र म्हणून सर्वत्र सांगितलें जातें. तें मला मान्य आहे, पण त्याचा अर्थ पट्टीनें मोजून लावूं नये. एके वर्षीं माझ्या वर्गांत दिवाळीनंतर एक मुलगा आला. त्याचे आईवडील बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीला आले होते, आणि फडाजवळ कोपी घालून राहत होते. गळीत हंगाम संपेपर्यंत तो आमच्याकडे, पुढें आपल्या गांवीं. वाचन त्याला नीट येत नसे आणि वर्गांतलीं मुलें त्याला मागच्या रांगेंत बसवीत. एके दिवशीं जमिनीवर राज्याचा नकाशा पसरलेला असतांना मीं त्याला विचारलें, "काय रे, तूं कोणत्या वाटेनें आलास?" तो गुडघ्यांवर बसला आणि बोट फिरवीत फिरवीत त्यानें सबंध वाट सांगितली. ट्रक कोठें थांबला, भाकरी कोठें खाल्ली, कोणती नदी रात्रीं ओलांडली, कोणत्या गांवापासून उसाचे फड दिसूं लागले आणि कोठपर्यंत नुसती बाजरी-कापूसच होता. वर्गांतील कोणत्याही मुलानें तालुक्याबाहेरचें इतकें पाहिलेलें नव्हतें. त्या दिवसानंतर तो मागच्या रांगेंत बसला नाहीं. त्याच्या दृष्टीनें बीड जवळ होतें आणि आमच्या गांवाचें देऊळ दूर. पुढें मार्चअखेर तो गेला. अशीं मुलें शाळेच्या पटावर येतात व जातात. त्यांचा प्रवास हा भूगोलाचा धडा आहे, पण तो मुलांना भोगावा लागतो, हेंही वर्गास सांगण्यास मीं संकोच करीत नसें. पाऊस कमी, म्हणून शेत कमी, म्हणून काम नाहीं, म्हणून कोयता. ही साखळी तिसरींतल्या मुलालाही समजते.

अंतराच्या कल्पनेसाठीं एस. टी. बसचें तिकीट फार उपयोगी आहे. तिकिटाचा एक टप्पा सहा किलोमीटरांचा. मामाच्या गांवाला किती टप्पे, यात्रेच्या गांवाला किती, हें मुलें सांगतात. त्यावरून एका टप्प्याला एक बोट असा नकाशा काढतां येतो. बोट म्हणजे प्रमाण, हें त्यांच्या लक्षांत येतें, आणि घाटांत टप्पे अधिक पण सरळ रेषेनें गांव जवळ, हा चमत्कारही उलगडतो.

हल्लीं पालकांच्या मोबाईलवर सर्व जगाचा नकाशा असतो, मग हा खटाटोप कशाला, असें मला कोणी कोणी विचारतात. मोबाईलच्या नकाशाचा मी निंदक नाहीं; वरून घेतलेल्या छायाचित्रांत आपलें घर, आपला गोठा, ओढ्याचें वळण दिसलें म्हणजे मुलें नाचूं लागतात, आणि तो तास शिक्षकानें अवश्य घ्यावा. परंतु वाट दाखवितांना तो नकाशा आपल्याबरोबर फिरत राहतो आणि आपण नेहमीं त्याच्या मध्यभागीं असतों. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, एवढेंच तो सांगतो. अशा रीतीनें माणूस पोंचतो खरा, पण कोठून कोठें आला हें त्याला सांगतां येत नाहीं. कागदी नकाशांत मुलाला आपली जागा स्वतः शोधावी लागते. ती शोधण्यांतच शिकणें आहे.

पृथ्वीच्या गोलाविषयीं थोडक्यांत. तो तिसऱ्या इयत्तेंतही दाखवावा, पण अक्षांचें कलणें वगैरे गोष्टी मागाहून. एक हिशेब मात्र मुलांना फार आवडतो. गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर त्यावर एव्हरेस्ट शिखराची उंची एका मिलिमीटराच्या पांचव्या हिश्श्याएवढी होते. आपलें कळसूबाई तर बोटाला लागणारच नाहीं. त्याच मापानें चंद्र म्हणजे सुमारें आठ सेंटिमीटरांचा चेंडू, आणि तो गोलापासून नऊ मीटरांवर, म्हणजे बहुधा वर्गाच्या दाराबाहेर धरावा लागेल. एका मुलाला चेंडू घेऊन पडवींत उभें करावें.

आतां जें सांगावयाचें आहे त्यासाठींच खरें पाहतां मीं हा विषय घेतला. २६ डिसेंबर २००४ या दिवशीं हिंदी महासागरांत सुनामीची लाट उसळली. थायलंडमधील फुकेत बेटाच्या एका किनाऱ्यावर टिली स्मिथ नांवाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांसमवेत फिरत होती. समुद्राचें पाणी फेंसाळून पुढें पुढें येत आहे व नेहमींप्रमाणें मागें सरत नाहीं, हें तिनें पाहिलें. सुमारें दोन आठवड्यांपूर्वींच तिच्या शाळेंत भूगोलाच्या तासास सुनामीचीं हींच लक्षणें शिकविलीं होतीं. तिनें आरडाओरडा केला, वडिलांनीं पहारेकऱ्यास सांगितलें, किनारा मोकळा करण्यांत आला. सुमारें शंभर माणसें त्यामुळें वांचलीं. त्या किनाऱ्यावर त्या दिवशीं कोणी दगावलें नाहीं.

आपल्याकडे किनारा दूर असला तरी डोंगर जवळ आहेत. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव दरडीखालीं गेलें. जुलै २०२१ मध्यें आमच्याच पाटण तालुक्यांत आंबेघर व मिरगांव येथें दरडी कोसळून माणसें गेलीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आमच्या पिढीनें घरच्या वडील माणसांच्या तोंडून ऐकलेला आहे. अशा ठिकाणच्या शाळेंत भूगोलाचा धडा परीक्षेपुरता राहूं शकत नाहीं. उतारावर नवी भेग पडली आहे काय, नेहमींच्या झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें काय किंवा भलत्याच जागीं नवा झरा फुटला काय, झाडें व विजेचे खांब तिरपे झाले काय, हें गुरांमागें हिंडणारीं मुलें मोठ्या माणसांच्या आधीं पाहतात. पाहिलेलें कोणाला सांगावें, आणि मुसळधार पावसांत अशा उताराखालीं कां थांबूं नये, हें त्यांना शिकविलेलें असलें पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस वर्गाला घेऊन गांवामागच्या उतारावरून फिरून यावें व असलेल्या भेगांवर चुन्याच्या खुणा कराव्या. भेग रुंदावली तर खूण फांकलेली दिसते. हें घाबरविणें नव्हे. ओढ्याला पूर आला म्हणजे ओलांडूं नको, असें आपण मुलांना सांगतोंच कीं नाहीं?

शेवटीं एक काम सर्व शाळांना सुचवितों, कारण त्याला खर्च नाहीं. सरळ अंगाची पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा तिच्या तोंडांत बसवावा. बुडाशीं खडे घालून, खोलगट भाग भरेपर्यंत पाणी ओतावें आणि त्या पातळीवर शून्याची खूण करावी. तिच्यावर मिलिमीटरांची पट्टी चिकटवावी. हें पर्जन्यमापक झालें. तें झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्यानें पडणार नाहीं असें रोवावें. हवामान खात्याची पावसाच्या नोंदीची वेळ सकाळीं साडेआठची आहे; शाळेनेंही तीच धरावी, म्हणजे वर्तमानपत्रांतील आंकड्याशीं आपला आंकडा ताडून पाहतां येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी. शाळेचें छप्पर दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद असेल आणि एके दिवशीं पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर छपरावरून पंधराशें लिटर पाणी वाहून गेलें. पंधरा लिटरांचा हंडा धरल्यास शंभर हंडे. माण-खटावच्या मुलांनीं हा हिशेब केला, तेव्हां वर्गांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. नंतर एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, माझी आई दिवसाला आठ हंडे आणते." त्या उन्हाळ्यांत गांवकऱ्यांनीं शाळेच्या छपराला पन्हळ लावून खालीं टाकी बांधली.

नोंदवहींत तारीख, मिलिमीटर, वाऱ्याची दिशा व शेरा असे चार रकाने असावे. रविवारीं व सणावारीं नोंद चुकूं नये म्हणून शाळेच्या जवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे पाळी द्यावी, आणि पाऊस नसेल त्या दिवशींही शून्य लिहावयास सांगावें.